पाच तारखेचं पाकीट

कामोठे
२७ ऑक्टोबर २०२५

सौ. वैजयंतीताईंस,

गीतांजलीचा नमस्कार. तुमची, भावोजींची आणि आईंची तब्येत ठीक असेल असं धरून चालते.

तुमचं रजिस्टर पत्र परवा हातात पडलं. पोस्टमनने सही मागितली तेव्हा मला वाटलं, आलं काहीतरी कोर्टाचं. मग पाकिटावरचं तुमचं अक्षर ओळखलं आणि मी दारातच बसले. तुम्ही मला खुशालीचं पत्र लिहिणार नाही, एवढं मला कळतं. मीही कागदावरच उत्तर देते. फोनवर लिहिलेलं कुणाच्याही हातात जातं, त्याचा फोटो होतो. कागद निदान फाडता येतो.

आशुतोष गेला. हे वाक्य मी कालपासून तीनदा लिहून पाहिलं. तुमच्या भावाशी माझं लग्न मोडून चार वर्षं झाली, तेव्हा मला रडायचा हक्क किती आणि कुठवर, मला ठाऊक नाही. पण रडले. पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटता लाटता रडले आणि बायकांना सांगितलं, मिरचीचा हात लागला.

रात्रपाळी करून घरी आला, न जेवता आडवा झाला तो उठलाच नाही, असं तुम्ही लिहिलंय. द्रोणागिरीच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये अकरा वर्षं काढली त्याने. मे महिन्यातसुद्धा घरी आला की हात गार असायचे. मैथिली तान्ही होती तेव्हा त्याने उचललं की दचकायची आणि मग हसायची. बेचाळीस हे काय जायचं वय आहे?

तुम्ही मला तेव्हाच कळवलं नाही, याचा राग धरत नाही. सोडून गेलेल्या सुनेला कोण कळवतं? पण पोरीला कळवायला हवं होतं, ताई. तिने काही बापाशी घटस्फोट घेतला नव्हता.

एक विचारते, रागावू नका. तारीख १४ जूनच ना? १४ ऑक्टोबर तर नाही? घाईत माणसाचा महिना चुकतो. दाखल्याची झेरॉक्स पाठवलीत तर बरं होईल.

इकडचं सगळं ठीक आहे. मैथिली चौथीत आहे, उंची अशी वाढतेय की दर सहा महिन्यांनी युनिफॉर्मची शिवण सोडावी लागते. अभ्यासात बरी, गणितात माझ्यावर गेली आहे, म्हणजे तुम्ही समजून घ्या. अधूनमधून पहाटे खोकते. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे. मी अडुळसा देते. संध्याकाळी घरी साड्यांना फॉल-पिको करून देते, दिवाळीत बरं काम होतं.

आता तुमचा प्रश्न. त्याच्या कपाटात स्टॅम्पपेपरची झेरॉक्स सापडली, त्यावर लिहिलंय की मी माझ्या मुलीला कोणतीही पोटगी देत नाही, आणि खाली त्याची सही आहे. आईंनी ते कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि आशुतोषचा फोटो भिंतीला लावू दिला नाही. 'पोटच्या पोरीला उपाशी ठेवनारा माजा मुलगा न्हाय,' असं म्हणाल्या. चार महिने झाले, फोटो पेटीत पालथा पडलाय. हे खरं का, असं तुम्ही विचारता.

ताई, कागदावर आहे ते आहे. सही त्याचीच आहे. तो मला काही देत नव्हता. याहून जास्त मला विचारू नका.

कळावे,
गीतांजली

ता. क. – त्याच्या कामावरचं कुणी इकडे कामोठ्यात राहतं का? सहज विचारलं.


कामोठे
७ नोव्हेंबर २०२५

सौ. वैजयंतीताईंस,

नमस्कार. तुम्ही स्पीडपोस्टने दाखला पाठवलात, उपकार झाले. १४ जून २०२५. शिक्का आहे, सही आहे. आता शंका घ्यायला जागा नाही, आणि तीच माझी अडचण आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आशुतोष पैसे देत होता. दर महिन्याच्या पाच तारखेला, चार हजार, कोर्टाने ठरवले तेवढे. बँकेतून नाही, हाताने. पाळी सुटली की घरी यायच्या ऐवजी गाडीवरून उलटा कामोठ्याला यायचा. आमच्या जाळीच्या दाराला दुधाची कापडी पिशवी टांगलेली असते. दूधवाला सव्वापाचला त्यात दूध टाकून जातो. त्याच्यामागून आशुतोष जिना चढायचा, पिशवीत पाकीट टाकायचा आणि उतरून जायचा. खाकी पाकीट, वर पेनाने 'मैथू' एवढंच. बेल कधी वाजवली नाही. त्याला तसंच बरं वाटायचं. माझं तोंड बघायची इच्छा नसेल.

जूनचं पाकीट पाच तारखेला आलं, तेव्हा तो होता. मग जुलैचं आलं. ऑगस्टचं आलं. सप्टेंबर, ऑक्टोबर. मला काही माहीतच नव्हतं, मग मी कशाला घाबरू? त्या पैशांतून व्हॅनवाल्याचे दिले, वह्या घेतल्या, दिवाळीचा फ्रॉक घेतला. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा तो फ्रॉक तिच्या अंगावर होता. मी तिला काढायला लावला. का, ते तिला सांगता आलं नाही.

तुमचं पत्र वाचून मी स्वतःला म्हटलं, महिना चुकला असेल. म्हणून तो प्रश्न विचारला होता.

परवा पाच तारीख होती. मी साडेचारपासून जागी होते. दूधवाल्याची सायकल आली आणि गेली. आमच्या जिन्यातला दिवा माणूस आला की आपोआप लागतो, एरवी बंद असतो. पाच पंचवीसला दाराखालच्या फटीतून उजेड आला. पावलांचा आवाज नाही, श्वासाचा नाही, काही नाही. नुसता उजेड, माझ्या पायांपर्यंत. मग गेला. मी सहा वाजेपर्यंत जागची हलले नाही. उजाडल्यावर दार उघडलं तर पिशवीत दूध आणि पाकीट. पाकीट गार. दुधाला लागून राहिलं म्हणून गार झालं म्हणावं, तर दूध त्याच्याहून कोमट होतं.

अक्षर त्याचंच आहे. 'थू'चा उकार तो खाली ओढत न्यायचा, तसाच.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दिलीपकाका भले गृहस्थ आहेत. त्यांना म्हटलं, माझं दूध चोरीला जातं, जरा कॅमेरा दाखवा. कॅमेरा जिन्यावर आहे, आमचं दार त्यात येत नाही. दूधवाला येताना-जाताना दिसला. पाच पंचवीसला दिवा लागला. जिना रिकामा. पायऱ्या, कठडा, कुणाची तरी विसरलेली छत्री. मिनिटभराने दिवा गेला. काका म्हणाले, "सेन्सर खराब झालाय मॅडम, टेन्शन नका घेऊ. इलेक्ट्रिशियनला बोलवतो." माझ्या दुधाचं काय झालं, हे विचारायला मात्र ते विसरले आणि माझ्याही ते लक्षात राहिलं नाही.

तर ताई, खरं सांगा. तुम्ही पाठवता का? की त्याच्याबरोबर कामाला असलेला तो शिवराम, त्याला आशुतोषने काही सांगून ठेवलं होतं? असेल तर मला राग येणार नाही, उलट पाया पडेन. फक्त कोण, ते सांगा. मैथिलीला मी अजून काही बोललेले नाही. परवा पहाटेही ती खोकली आणि विचारलं की म्हणते, 'मला कुठे खोकला आहे?'

ही गोष्ट तुमच्या-माझ्यात राहू द्या. आईंना सांगू नका. का, ते पुढे कधी तरी सांगेन.

उत्तराची वाट पाहते,
गीतांजली


कामोठे
६ जानेवारी २०२६

सौ. वैजयंतीताईंस,

नमस्कार. हे पत्र निवांत बसून वाचा, आणि भावोजी घरात असताना वाचा.

तुमचं उत्तर येऊन दीड महिना होऊन गेला. तुम्ही लिहिलंत, आम्ही एक पैसा पाठवलेला नाही, पाठवायला आहे कुठे. शिवराम मार्चमध्येच बदली होऊन गुजरातला गेला. आणखीही एक लिहिलंत, ते वाचून मी पत्र मिटून देवघरात ठेवलं. आशुतोष पाच तारखेला नेहमी उशिरा घरी यायचा. कुठे जातो ते सांगायचा नाही. तुम्हाला वाटायचं प्यायला बसतो, आईंना वाटायचं कुणी बाई आहे, आणि त्यावरून दर महिन्याला घरात भांडण. तो गेल्यावरही आई पाच तारखेला पहाटेपासून ओटीवर बसतात. चहा दिला तर घेत नाहीत. 'आज पाच तारीक हाय, आशूला उशीर व्हनार,' म्हणतात. सात वाजून गेले की 'आला' म्हणून उठतात आणि आत जातात. फोटो लावू देत नाहीत, पण वाट बघतात. तुम्ही लिहिलंत, आईचं डोकं जागेवर राहिलेलं नाही.

ताई, आईंचं डोकं जागेवर आहे. पहाटे साडेपाचला कामोठ्याहून निघालं की गाडीने तुमच्या घरी यायला सात वाजून जातात.

त्याला तसंच बरं वाटायचं, असं मी मागे लिहिलं होतं. तेही खोटं. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही, म्हणून एका बैठकीत लिहिते.

घटस्फोटानंतर पहिलं वर्षभर पोटगी माझ्या बँकेत यायची, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो मैथिलीला फिरायला न्यायचा. मग आमचं केंद्र चार महिने बंद पडलं. घरभाडं अकराशेने वाढलं. इथे झेरॉक्सच्या दुकानात सरकारी फॉर्म भरून देणारी जयमाला नावाची बाई आहे. ती म्हणाली, "अगं, तू निराधार योजनेत बसशील. महिन्याला दीड हजार कुठे जात नाहीत." मग तिने पासबुक उघडलं आणि जीभ चावली. "ही पोटगी दिसतेय. हे उत्पन्न धरतात. नवरा पोसतोय तर तू निराधार कसली? तो काही देत नाही, असं त्याच्याकडून लिहून आण."

म्हणून तो स्टॅम्पपेपर. मी नेला. शब्द जयमालाचे, शंभर रुपये माझे, सही त्याची. कळंबोलीला एका टपरीवर उभ्या उभ्या केली त्याने. एकदाच म्हणाला, "गीता, हे आईने पायलं तर?" मी म्हटलं, आईंना कोण दाखवतंय. पैसे कसे देऊ म्हणाला, तर पिशवीची युक्ती मीच सांगितली.

मग म्हणाला, "आनि मैथू?"

चौकशीला माणूस येतो ताई, शेजाऱ्यांना विचारतो. घरी पुरुष येतो-जातो का, नवरा येतो का. रविवारी बाप पोरीला घेऊन फिरताना दिसला तर कोण म्हणेल की त्याने टाकलंय? मी म्हटलं, थोडे दिवस दिसू नकोस. एकदा मंजूर होऊ दे. मंजूर झालं, तर दरवर्षी पुन्हा दाखले द्यावे लागतात. थोडे दिवस म्हणता म्हणता तीन वर्षं झाली. चार हजारही हवे होते आणि दीड हजारही. लोभ म्हणा, भीती म्हणा, दोन्ही होतं. कोर्टाने दिलेले रविवार मी दीड हजारांना विकले. तो भांडला असता तर बरं झालं असतं. पण तुमचा भाऊ मुका. पोरीचं नुकसान होईल म्हटलं की मान खाली घालायचा.

मैथिलीला सांगितलं, बाबा लांब कामाला गेलेत. आणि एक नियम केला. पाच तारखेला पहाटे दार उघडायचं नाही. जिन्यातला दिवा जाईपर्यंत कुणी हलायचं नाही. चालत्या-बोलत्या माणसाला मी भुतासारखं यायला-जायला शिकवलं. मेल्यावर त्याला निराळं काही शिकावं लागलं नाही.

डिसेंबरच्या पाच तारखेलाही दिवा लागला. त्या दिवशी मी मैथिलीकडे पाहत होते. ती उठून दारापाशी गेली, दाराला कान लावला आणि खोकली. दोनदा, हळू, मुद्दाम. दिवा गेला. ती येऊन पांघरुणात शिरली.

मी तिला जवळ घेतलं आणि त्या दिवशी सगळं सांगितलं. बाबा जूनमध्ये गेला, असं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "मला वाटलंच. आधी बाबा बाहेर खोकायचा, मग मी आतून खोकायची. असं आमचं होतं. जुलैपासून तो खोकत नाही. नुसता उभा राहतो. मी खोकले की मग जातो."

तीन वर्षं, ताई. मी पलीकडे झोपेत कूस बदलत होते आणि माझी पोर बापाशी खोकून बोलत होती. त्यावर मी अडुळसा पाजला.

दुसऱ्या आठवड्यात पनवेलला तहसील कचेरीत गेले. अर्ज स्वतः लिहून नेला, जयमालाला विचारलं नाही. मला पोटगी मिळत होती, मी ती लपवली, असं लिहिलं. तिथे सुचिता मॅडम म्हणून क्लार्क आहेत, शांत बाई. त्यांनी दोनदा वाचलं. "असं कुणी येऊन सांगत नाही हो," म्हणाल्या. मग फॉर्म काढला.

"घटस्फोटित पती आता कुठे असतात?"

"वारले. चौदा जूनला."

"बरं. शेवटची पोटगी कधी मिळाली?"

"पाच डिसेंबरला."

"जून म्हणायचंय तुम्हाला."

"नाही मॅडम. डिसेंबर."

त्यांनी पेन खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, दाखल्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, जूनपर्यंतचं लिहा. नंतरचं आम्हाला लागत नाही." आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुढे सांगितलं, "मागचे पैसे भरावे लागतील, हप्ते करून देऊ. खोट्या प्रतिज्ञापत्राचं साहेब बघतील, ते माझ्या हातात नाही. पण आता पोटगी खरंच बंद झाली ना? मग तुम्ही नियमात बसता. नव्याने अर्ज करा."

हसू येतं की नाही बघा. तो जिवंत असताना मी निराधार होते, ते खोटं. आता मेलाय तर खरी निराधार झाले, आणि फॉर्म भरता येत नाही. पोटगी मिळत नाही, असं मी कुठल्या तोंडाने लिहू? एकदा त्याच्या हातून ते लिहून घेतलं, आता माझ्या हाताने लिहू? मी म्हटलं, अर्ज करायचा नाही. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले.

आता कालचं.

काल पाच जानेवारी. आम्ही दोघी अंघोळी करून बसलो. मैथिलीने दिवाळीचा फ्रॉक घातला, मी नको म्हटलं नाही. सव्वापाचला दूध आलं. पाच पंचवीसला दाराखाली उजेड आला. मैथिली खोकणार, तेवढ्यात मी तिच्या तोंडावर हात ठेवला. ती माझ्याकडे बघायला लागली. त्या वेळी ते दार मी कधी उघडलं नव्हतं. कडीला हात लावला तर कडी इतकी गार, की हात ओढून घ्यावासा वाटला. पदर धरून काढली. जाळीचं दारही उघडलं.

जिना रिकामा. पिशवीत दूध. पाकीट नव्हतं.

मी पुन्हा पुन्हा पिशवी चाचपली. मला वाटलं, संपलं, मी दार उघडलं आणि घालवला त्याला. मग फ्रीज उघडल्यावर पायांवर येते तशी हवा आली. मैथिली भिंतीला चिकटून बाजूला झाली, पाहुणा आत येताना आपण होतो तशी. वर बघत होती, साधारण त्याच्या उंचीएवढं वर. मग म्हणाली, "बाबा, चपला इथेच काढ."

मी पण बाजूला झाले, ताई. अंग आपसूक झालं. मग मी दार लावलं. बाहेरचा दिवा गेला.

मी किंचाळले नाही. तुम्हाला खोटं वाटेल, पण मला भीती पाकिटांची वाटत होती, त्याची नाही. मी गॅसपाशी गेले. बाहेरच्या खोलीत मैथिली तिला गणितात मिळालेले मार्क सांगत होती, मध्येच थांबत होती, मग 'नाही रे, तसं नाही' म्हणत होती. तीन वर्षांचं साठलेलं होतं तिचं. मी चहा टाकला आणि तिकडे न बघता म्हटलं, "माझं चुकलं." उत्तर आलं नाही. तो असतानाही अशा वेळी उत्तर द्यायचा नाही.

आज सहा तारीख. खिडकीपाशी जी खुर्ची आहे तिथली हवा अजून गार आहे. मैथिली शाळेत जाताना त्या बाजूला हात हलवून गेली. जिन्यातला दिवा कालपासून कुणी नसताना लागलेला नाही.

काल आई सात वाजल्यानंतरही ओटीवरून उठल्या नसतील. असंच ना? आज अजूनही वाट बघत असतील. त्यांना सांगा, तो इथे आहे, लेकीजवळ बसलाय. हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, माझं नाव जिथे येईल तिथे आवाज कमी करू नका. तो पाच तारखेला कुठे जायचा, ते त्यांना कळू द्या. पोरीला काही देत होता का विचारतील, तर सांगा, एकही महिना चुकला नाही. जूनच्या आधीचा नाही आणि नंतरचाही नाही. मग त्या मला काय म्हणतील ते म्हणू देत. इथे यायचं असेल तर कधीही घेऊन या. दार आता उघडंच असतं.

आईंना आम्हा तिघांचा नमस्कार.

गीतांजली